धडकेनंतर मोटारसायकल डावीकडे ओढते : फोर्कचे पाइप सरळ करून घ्यावेत की बदलावेत?

प्रश्न (म्हापसा)

माझी १५० सीसीची मोटारसायकल ३ वर्षे २ महिन्यांची आहे आणि म्हापसा ते पणजी हा रोजचा प्रवास मी तिच्यावरूनच करतो. अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नसल्यामुळे पर्वरीतून खाली उतरून मांडवीच्या जुन्या पुलावरून जावे लागते, आणि पर्वरीत उन्नत मार्गाचे काम सुरू झाल्यापासून तेथील वाहतूक कोठे थबकेल याचा नेम राहिलेला नाही. गेल्या मंगळवारी सकाळी पाऊस पडत असताना पुढची मोटार एकाएकी थांबली, मी ब्रेक दाबला, परंतु अंतर पुरले नाही आणि माझे पुढचे चाक तिच्या मागच्या बंपरवर आदळले. वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असावा. धडकेनंतर गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. कोपर खरचटण्यापलीकडे मला इजा झाली नाही. चूक माझीच होती आणि मोटारमालकांपाशी मी ती तेथेच मान्य केली. त्यांच्या बंपरवर ओरखडा उठला आहे. आम्ही एकमेकांचे गाडी क्रमांक आणि विम्याचे तपशील घेतले व मार्गस्थ झालो.

पुढचे मडगार्ड फुटले, हेडलाइटच्या खोबणीचे दोन कान तुटले, उजवीकडचा इंडिकेटर गेला, ब्रेकचा लिव्हर वाकला आणि टाकीला उजवीकडे पोचा पडून रंग निघाला. घराजवळच्या मेकॅनिकने त्याच संध्याकाळी लिव्हर आणि इंडिकेटर बदलला, हँडल सैल करून पुन्हा बसवले आणि ९०० रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी गाडी चालवली तेव्हा लक्षात आले की हँडल समोर सरळ धरले तर गाडी डावीकडे सरकते, आणि तिला सरळ न्यायची असेल तर हँडल किंचित उजवीकडे वळवून धरावे लागते. शिवाय हळू वेगात हँडल मधोमध आले की काहीतरी अडकल्यासारखे जाणवते.

मेकॅनिकचे म्हणणे असे की फोर्कचे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या भागाचे, दोन्ही पाइप काढून प्रेसवर (दाबयंत्रावर) सरळ करून घ्यावेत, १,५०० रुपयांत काम होईल. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने मात्र गाडी न उघडता, नुसती पाहूनच, दोन्ही पाइप, खालची टी (दोन्ही पाइपांना पकडणारा आडवा भाग), कोनसेट (हँडल वळते तेथील गोळ्यांची बेअरिंग), मडगार्ड, हेडलाइट आणि टाकीचा रंग मिळून १६,००० रुपयांचे अंदाजपत्रक हाती दिले. यांतील कोणाचे ऐकावे? विम्याचा दावा करण्यात अर्थ आहे का, की दावा न केल्याबद्दल मिळणारा बोनस घालवून वर कटकट होईल? चवथीला पत्नीला मागे बसवून वाळपईजवळच्या आमच्या मूळ गावी जायचे आहे, म्हणून गाडी दिसायला नीट झाली तरी मला पुरेसे नाही. ती विश्वासाने चालवता आली पाहिजे.

पहिला प्रतिसाद (फोंडा)

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो आणि वाकलेले फोर्कपाइप माझ्याकडे वर्षभर येत असतात, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते सविस्तर लिहितो.

आपल्याला मिळालेली दोन्ही मते मोजमापाशिवाय दिलेली आहेत, आणि माझा आक्षेप दोघांवरही तेवढाच आहे. पाइप वाकला आहे की नाही हे ठरण्यापूर्वी एक जण तो सरळ करायला निघाला आहे आणि दुसरा बदलायला. आपण सांगितलेली दोन लक्षणे वेगवेगळ्या दोषांकडे बोट दाखवतात. हँडल तिरके धरल्यावर गाडी सरळ जाते, याचा अर्थ बहुधा असा की दोन पाइप टीच्या पकडीत एकमेकांच्या तुलनेत पिळले गेले आहेत. यात एकही भाग निकामी झालेला नसू शकतो. मधोमध अडकल्यासारखे होणे हे कोनसेटचे लक्षण आहे : धडकेच्या क्षणी हँडल सरळ असते, सगळा दाब गोळ्यांवर त्याच जागी पडतो आणि वाटीत बारीक खड्डे उमटतात. ते खड्डे ग्रीस भरून जात नाहीत. कोनसेट बदलावाच लागतो, आणि तो महाग नसतो.

फोर्क मुळात खालून वर येणारा धक्का त्याच्या लांबीच्या दिशेने झेलण्यासाठी बनवलेला असतो. समोरून बसलेली धडक त्याला आडवी वाकवते, आणि तेथे स्प्रिंग किंवा तेल काहीही मदत करत नाही. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. एवढा वेग १० सेंटिमीटरच्या आत शून्यावर आला तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १५ पट मंदन होते. या आडव्या जोराचा सर्वांत मोठा ताण खालच्या टीच्या लगेच खाली पडतो, म्हणून पाइप जवळजवळ नेहमी तेथेच वाकतो. तो भाग हेडलाइट आणि मडगार्डच्या आड असल्यामुळे डोळ्यांना सहज दिसत नाही.

घरी करता येण्याजोगी तपासणी अशी. गाडी मुख्य स्टँडवर घ्या आणि पुढचे चाक हवेत येईल असा टेकू इंजिनखाली द्या. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. मध्यभागी खाच जाणवली तर कोनसेटचा निकाल लागला. मग फोर्कची खालची टोके दोन्ही हातांनी धरून मागेपुढे ढकला. टकटक जाणवली तर कोनसेटमध्ये खेळ आहे. त्यानंतर एक तार फोर्कला बांधून तिचे टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक फिरवा. बाजूला किंवा वरखाली २ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक पडत असेल तर चाक आउट आहे. स्पोकचे चाक कारागीर ट्रू करून देऊ शकतो, परंतु अलॉय चाकाच्या कडेला चीर दिसली तर ते वेल्ड करून पुढे लावू नये असे माझे ठाम मत आहे. शेवटी काचेचा सपाट तुकडा दोन्ही पाइपांवर आडवा टेकवा. तो चारही कोपऱ्यांवर नीट बसला तर पाइप समांतर आहेत; डुगडुगला तर पीळ आहे.

पीळ असेल तर चाकाचा आस, मडगार्डचे बोल्ट आणि टीचे पकडबोल्ट सैल करून, चाक गुडघ्यांत धरून हँडल जागेवर आणतात. मग आस आवळून फोर्क चारपाच वेळा दाबायचा, नंतर खालच्या टीचे बोल्ट आणि शेवटी वरचे, तेही टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापावर आवळायचे. आपल्या मेकॅनिकने फक्त वरचे हँडल सैल करून फिरवले असावे. त्यामुळे खालचा पीळ तसाच राहिला आणि वरून हँडल सरळ दिसू लागले.

यानंतरही गाडी ओढत असेल तर पाइप काढून मोजावे लागतात. पाइप दोन व्ही-ब्लॉकांवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून मधोमध डायल गेज (काट्याचे मापक) लावतात आणि तो एक फेरा फिरवतात. काटा जितका फिरला त्याच्या निम्मा वाक धरायचा. हे निम्मे करण्याचे बरेच जण विसरतात आणि चांगला पाइप भंगारात जातो. बहुतेक गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ०.२ मिलीमीटर ही मर्यादा असते. चाकाचा आसही असाच मोजून घ्या.

आता प्रेसवर सरळ करण्याविषयी. माझ्याकडे प्रेस आहे आणि त्या कामाचे पैसे मला मिळतात, तरी मी रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा पाइप सरळ करून देण्याचे थांबवले आहे. पोलाद एकदा कायमचे वाकले की ते त्या जागी थकलेले असते. उलट दिशेने वाकवताना ते आणखी थकते. त्यावरचा कठीण क्रोमचा थर तर लवतच नाही, त्याला केसासारख्या चिरा पडतात. त्या चिरांत पाणी शिरते, गंज धरतो, आणि ती खरबरीत जागा ऑइलसीलवरून (फोर्कमधले तेल रोखणाऱ्या रबरी कड्यावरून) रोज हजारो वेळा सरकते. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. येथे तो पाइप किती दिवस टिकणार?

चौकटीकडे एकदा जरूर पाहा. हँडलच्या नळीखाली जेथे मुख्य पाइप वेल्ड केलेले असतात, तेथे रंगाला बारीक आडव्या चिरा पडल्या असतील किंवा रंगाचे पापुद्रे निघाले असतील, तर चौकट वाकली आहे आणि प्रश्नाचे स्वरूपच बदलते. २० च्या वेगात तसे घडण्याची शक्यता कमी आहे.

दुसरा प्रतिसाद (मडगाव)

मी विमा प्रतिनिधी म्हणून काम करतो. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वी आपण कागद काढून एक तारीख पाहावी, कारण येथे मी अनेकांची फसगत झालेली पाहिली आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत ५ वर्षांचा त्रयस्थ विमा एकदमच घ्यावा लागतो. पॉलिसीवर ५ वर्षे लिहिलेले असते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. परंतु त्या ५ वर्षांत केवळ दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण बहुतेक वेळा पहिल्या १ वर्षाचेच असते आणि पुढे दर वर्षी वेगळे नूतनीकरण करावे लागते. ते केलेले नसेल तर दावा करण्याचा प्रश्नच उरत नाही.

ते चालू असेल असे धरून हिशेब मांडतो. चूक आपली होती म्हणून स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जात नाही; परवाना वैध असला पाहिजे आणि घटनेचे वर्णन खरे असले पाहिजे. झीज-वजावट नसलेले अतिरिक्त संरक्षण आपण घेतलेले नसेल, तर रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापले जातात. धातूच्या भागांवरील कपात गाडीच्या वयाप्रमाणे वाढते : पहिल्या ६ महिन्यांत काही नाही, १ वर्षापर्यंत ५ टक्के, २ वर्षांपर्यंत १०, ३ वर्षांपर्यंत १५, ४ वर्षांपर्यंत २५, ५ वर्षांपर्यंत ३५. आपली गाडी तिसरे वर्ष ओलांडून २ महिने पुढे गेली असल्यामुळे आपण २५ टक्क्यांत येता. रंगकामाचे बिल एकत्र असेल तर त्याचा चौथा हिस्सा सामानाचा धरून त्यावर ५० टक्के कपात होते. मजुरीवर कपात नसते. शिवाय दुचाकीला १०० रुपयांची सक्तीची वजावट आहे.

आपल्या १६,००० मध्ये धातूचे भाग ८,०००, प्लास्टिक ४,०००, मजुरी २,००० आणि रंग २,००० असे समजू. धातूवर २,०००, प्लास्टिकवर २,०००, रंगावर २५० आणि वजावट १००, म्हणजे आपल्या खिशातून ४,३५० आणि कंपनीकडून ११,६५०.

बोनसाची भीती दुचाकीच्या बाबतीत अकारण मोठी केली जाते. दावा नसल्याची सवलत २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढत जाते, परंतु ती केवळ स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. त्रयस्थ विम्याच्या हप्त्यावर ती नसते. हा हप्ता सवलतीपूर्वी १,००० रुपये आहे असे समजा. आज आपण ३५ टक्क्यांवर असाल, पुढच्या वर्षी ४५ वर गेला असता. दावा केल्यास पुन्हा शून्यापासून सुरुवात होईल, आणि वरच्या पायरीवर परत पोहोचेपर्यंत पाच वर्षांत मिळून सुमारे १,२०० रुपये जास्त भरावे लागतील. ११,६५० रुपयांसमोर ही रक्कम किती, ते आपणच ठरवा. दुरुस्ती २,००० रुपयांत भागणार असती तर मी उलट सल्ला दिला असता.

एक काळजी घ्या. विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने (नुकसान तपासणाऱ्याने) गाडी पाहण्यापूर्वी आणखी एकही भाग बदलू नका. आपण लिव्हर आणि इंडिकेटर आधीच बदलून बसला आहात. ते जुने तुकडे फेकले नसतील तर जपून ठेवा. कंपनीला आजच कळवा. गाडी उघडल्यावर जे नवे नुकसान सापडेल त्याचे पुरवणी अंदाजपत्रक करून ते पुन्हा दाखवावे लागते. मोटारमालकांनी उद्या बंपरचा खर्च मागितला तर घाबरण्याचे कारण नाही. त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी दुचाकीच्या पॉलिसीत १ लाख रुपयांपर्यंत तरतूद असते. मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणे अपघाताची माहिती विमा कंपनीला देणे हे चालकाचे कर्तव्यच आहे, म्हणून ते कळवण्यात दिरंगाई करू नये.

तिसरा प्रतिसाद (पणजी)

मी पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीचा चालक आहे, पणजीच्या स्टँडवर गाडी लावतो. आमच्या पिवळ्या मडगार्डच्या गाड्या दिवसभर रस्त्यावर असतात, त्यामुळे किरकोळ धडका आमच्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त येतात. मी स्वतः एकदा पाइप प्रेसवर सरळ करून घेतला होता. तेव्हा पावसाळा तोंडावर होता आणि एक दिवस गाडी बंद म्हणजे एक दिवसाची कमाई बंद, म्हणून मी स्वस्त मार्ग निवडला. गाडी अगदी सरळ चालू लागली होती, त्यामुळे मला काम उत्तम झाल्याचे समाधानही होते. दोन महिन्यांनी डाव्या फोर्कचे सील गळू लागले. मी रोज फडक्याने तेल पुसत राहिलो. एका संध्याकाळी रायबंदरच्या पाजेवरून (बांधावरच्या रस्त्यावरून) प्रवासी घेऊन येत असताना समोर गाय आली, मी पुढचा ब्रेक दाबला आणि तो लागलाच नाही, कारण तेल ओघळून डिस्कवर आणि पॅडवर उतरले होते. मागच्या ब्रेकवर कसाबसा थांबलो. मागे बसलेल्या बाई आपल्या नातवाला भेटायला निघाल्या होत्या, हे त्यांनी वाटेत मला सांगितले होते. ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही. आपण पत्नीला मागे बसवून वाळपईला जाणार आहात, म्हणून हे लिहिले.

गाडी उजवीकडे पडली होती, तेव्हा आणखी दोन गोष्टी पाहा. मागच्या ब्रेकचे पेडल आत वाकून इंजिनच्या झाकणाला टेकते का, आणि त्या झाकणाच्या कडेने तेल पाझरते का. गाडी आडवी पडलेली असताना इंजिन थोडा वेळ चालू राहिले असेल तर एअर फिल्टरच्या डब्यात तेल गेलेले असते. तो उघडून पुसून घ्या, नाहीतर गाडी धूर देत राहते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पुढच्या चाकाजवळची सेन्सरची तार आणि दातेरी कडे तपासायला सांगा. चावी फिरवल्यावर लागणारा एबीएसचा दिवा गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे.

चौथा प्रतिसाद (डिचोली)

पडताना डोके टेकले होते का, याचा आपण उल्लेख केलेला नाही. टेकले असेल तर हेल्मेट बदला. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की तो पुन्हा फुगत नाही, आणि बाहेरून हेल्मेट नवे दिसत राहते.

प्रश्नकर्ता (म्हापसा)

सर्वांचे मनापासून आभार. डोके टेकले नव्हते. विम्याचे कागद काढून पाहिले. स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण चालू आहे, झीज-वजावट नसलेले अतिरिक्त संरक्षण मात्र नाही. कंपनीला कळवले आहे आणि सर्वेक्षक परवा येणार आहेत. जुना लिव्हर आणि इंडिकेटर मेकॅनिककडे सुदैवाने पडून होते, ते घेऊन आलो.

काल भावाच्या मदतीने घरच्या घरी तपासणी केली. हँडलमध्ये खाच स्पष्ट जाणवते. काच दोन्ही पाइपांवर डुगडुगते. रिम बाजूला सुमारे १ मिलीमीटर हलते. चौकटीच्या रंगाला एकही चीर दिसली नाही. सर्वेक्षकांनी पाहण्यापूर्वी पकडबोल्ट सैल करणे योग्य होईल का, की जसे आहे तसेच ठेवावे?

पहिला प्रतिसाद देणारे (फोंडा)

जसे आहे तसेच ठेवा आणि तोवर गाडी चालवूही नका. सर्वेक्षकांना पीळ आणि खाच दोन्ही हाताने दाखवा. त्यांच्या परवानगीने सर्व्हिस सेंटरमध्ये पाइप काढले जातील तेव्हा समोर उभे राहून मोजमाप करायला लावा. तेथे व्ही-ब्लॉक नसतील तर सपाट काचेवर पाइप लोळवला तरी ढोबळ कल्पना येते, कारण वाकलेला पाइप लोळताना त्याच्याखालून उजेडाची फट उघडझाप करते. एकच पाइप वाकला असेल आणि दुसरा मर्यादेत असेल, तर एकच बदलण्यास माझी हरकत नाही. सील मात्र दोन्ही बाजूंचे नवे घ्या आणि दोन्हीकडे पुस्तकातल्या मापाचे सारखेच तेल भरा. खालची टी सपाट प्लेटवर ठेवून तपासता येते. तपासल्याशिवाय तिचे पैसे देऊ नका.

मागचे चाकही रेषेत आहे का ते पाहा. साखळीच्या ताणपट्टीवरच्या खुणांवर विसंबू नका. मागच्या टायरला पाठीमागून दोरी लावून तिची दोन्ही टोके पुढे ताणा. दोरी मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकलेली असताना पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सारखी फट राहिली पाहिजे, कारण पुढचा टायर अरुंद असतो. आणि चाचणीसाठी सपाट रस्ता निवडा. आपले रस्ते पाणी ओघळावे म्हणून कडेला उतरते असतात. डाव्या बाजूने चालणारी चांगली गाडीसुद्धा त्या उतारामुळे किंचित डावीकडे सरकते.

पाचवा प्रतिसाद (मोरजी)

टाकीच्या रंगाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहत असल्यामुळे गंजाशी माझा कायमचा संबंध आहे. रंग निघालेला पत्रा पावसाळ्यात उघडा ठेवला तर दोन दिवसांत तांबूस होतो, आणि गंज रंगाच्या कडेखाली शिरला की उद्याचे रंगकाम फुगून येते. सर्वेक्षकांनी छायाचित्रे घेतली की त्याच दिवशी ती जागा कोरडी करून, बारीक पॉलिश पेपरने घासून प्रायमरचा एक हात मारा. पक्का रंग नंतर होऊ द्या. पोचा काढताना कोणी टाकीवर काही वेल्ड करून ओढायचे म्हणाला, तर टाकी पूर्ण रिकामी केली आहे एवढे उत्तर पुरेसे मानू नका. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते. टाकी गाडीवरून उतरवून, धुऊन, आतली वाफ पूर्ण काढल्याशिवाय तिच्याजवळ ज्योत येता कामा नये.

प्रश्नकर्ता (म्हापसा)

गाडी काल हाती आली. काय झाले ते नोंदवतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

सर्वेक्षकांनी खाच आणि काचेची डुगडुग पाहून गाडी उघडण्यास मान्यता दिली. पाइप काढल्यावर सर्व्हिस सेंटरच्या प्रमुखांनी ते काचेवर लोळवले आणि डाव्या पाइपाखालची फट लगेच दिसली. मी आग्रह धरल्यामुळे दोन्ही पाइप जवळच्या लेथवर मोजून आणले. डाव्याचा काटा १.२ मिलीमीटर फिरला, म्हणजे वाक ०.६; आणि तो, येथे लिहिले होते त्याप्रमाणे, खालच्या टीच्या लगेच खाली होता. उजव्याचा वाक ०.१ भरला. टी सपाट प्लेटवर नीट बसली. चाकाचा आस सरळ निघाला. त्यामुळे दोन पाइप आणि टीऐवजी एक पाइप व कोनसेट एवढेच धातूचे काम उरले.

अंतिम बिल ११,७०० रुपये झाले : पाइप २,३००, कोनसेट ८००, मडगार्ड आणि हेडलाइट ४,०००, दोन्ही बाजूंचे सील ३००, फोर्कचे तेल ३००, मजुरी २,००० आणि टाकीचा रंग २,०००. तेलाचे पैसे विम्यात धरले नाहीत. धातूवर ७७५, प्लास्टिक आणि रबरावर २,१५०, रंगावर २५० आणि वजावट १०० अशी कपात होऊन मला ३,५७५ भरावे लागले आणि ८,१२५ कंपनीने दिले. आधी बदललेल्या लिव्हर आणि इंडिकेटरचे ९०० रुपये मी मागितलेच नाहीत.

घराजवळच्या मेकॅनिककडेही मी जाऊन आलो आणि वाकलेला पाइप त्यांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ हातात फिरवून पाहिला. प्रेसवर पाठवण्याचा त्यांचा सल्ला मला फसवण्यासाठी नव्हता. ग्राहकाला १६,००० परवडणार नाहीत असे त्यांना खरोखर वाटत होते. आता त्यांनी काचेचा एक जाड तुकडा गॅरेजमध्ये आणून ठेवला आहे.

आज सकाळी पर्वरीच्या सपाट टप्प्यावर गाडी चालवून पाहिली. हँडल सरळ, गाडी सरळ, मधोमध खाच नाही. एकच शंका राहिली आहे. हेडलाइट नवा बसवल्यापासून रात्री उजेड फार वर पडतो आणि समोरून येणारे दिवे मारून सुचवतात. वाळपईच्या वाटेवर रात्री दिवे थोडे असतात, म्हणून तो नीट लावून घेणे आवश्यक आहे. घरी करता येईल का?

तिसरा प्रतिसाद देणारे (पणजी)

येईल. टायरमध्ये हवा बरोबर भरा, सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा आणि तिच्यावर स्वतः बसा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने रेघ ओढा. लो बीम लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चारपाच बोटे खाली यायला हवी. हेडलाइटच्या खाली किंवा मागे एक स्क्रू असतो, तो थोडाथोडा फिरवत कड खाली आणा. वाळपईला जाताना मागे पत्नी बसणार आहेत, म्हणून स्क्रू पक्का करण्यापूर्वी त्यांनाही एकदा मागे बसवून पाहा. मागचे वजन वाढले की गाडीचे नाक वर होते आणि उजेड पुन्हा चढतो.

प्रश्नकर्ता (म्हापसा)

आम्ही दोघे बसून पाहिले. कड रेघेच्याही वर जात होती. स्क्रू फिरवून ती आता चार बोटे खाली आणली आहे.